लेखी तक्रार, लेखी पोच : शाळेतील छळाबाबत पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. शिक्षण आयुक्त, पुणे

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, मुंबई, सर्व जिल्हा परिषदा व महानगरपालिकांचे शिक्षण विभाग

महोदय,

शिक्षकाने मुलावर हात उगारला तर काय, हे कायद्याने स्पष्ट सांगितले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. पण तेच मूल रोज वर्गातल्या तीन-चार मुलांकडून मार खात असेल, मधल्या सुट्टीत त्याचा डबा काढून घेतला जात असेल, रंगावरून, जातीवरून किंवा अडखळत बोलण्यावरून त्याला नाव पडले असेल, आणि त्याच्याशी कोणी बोलायचे नाही असे सगळ्यांनी मिळून ठरवले असेल, तर पालकाने कोणाकडे जायचे? अर्ज कोणाच्या नावे करायचा? उत्तर किती दिवसांत मागायचे? राज्यातल्या बहुतेक शाळांत याचे उत्तर आज मिळत नाही. हे मागणीपत्र एवढ्या एका उणिवेबद्दल आहे आणि ती भरून काढणे शासनाच्या हातात आहे.

आज काय घडते ते आमच्या पालक संघटनेच्या सभासदांच्या अनुभवातून सांगतो. आई शाळा सुटताना फाटकापाशी वर्गशिक्षिकेला गाठते. "बघते मी," असे उत्तर मिळते. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारले की, "मुलं आहेत, चालायचंच." मग बाबा रजा टाकून मुख्याध्यापकांना भेटतात. तिथे ऐकायला मिळते की तुमचाच मुलगा जरा नाजूक आहे, त्याला थोडे खंबीर करा. अर्ज पुढे केला तर सल्ला येतो, "लेखी देऊ नका, उगाच प्रकरण वाढेल." दरम्यान मुलाचे दर सोमवारी सकाळी पोट दुखू लागते, वह्या हरवू लागतात, आणि घरी विचारले तर तो गप्प बसतो. शेवटी एक दिवस पालक दाखला काढून घेतात. छळणारा गट तिथेच राहतो आणि दुसरे मूल शोधतो. शाळेच्या दप्तरी यातले काहीच नसते. तक्रार नाही, चौकशी नाही, निर्णय नाही. शिक्षणाधिकारी तपासणीला आले तर त्यांना एक शांत, तक्रारमुक्त शाळा दिसते.

आम्हाला सर्वांत गंभीर वाटते ती ही नोंद नसण्याची गोष्ट. बाकीच्या मागण्या तिच्यातून निघाल्या आहेत.

आमचे म्हणणे कोणी ताणू नये म्हणून एक मर्यादा आधीच स्पष्ट करतो. दोन बरोबरीची मुले क्रिकेटच्या आऊटवरून भांडली, एकमेकांची गचांडी धरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एका बाकावर बसली, तर त्यासाठी नोंदवही उघडावी अशी आमची अपेक्षा नाही. ते वर्गशिक्षकांनी वर्गातच निस्तरावे. आम्ही बोलतो आहोत तो त्रास पुन्हा पुन्हा होणारा, जाणूनबुजून दिलेला, आणि देणाऱ्याची ताकद जास्त असलेला. ती ताकद वयाची, अंगाची, संख्येची, पैशाची, जातीची किंवा शाळेतल्या ओळखीची असू शकते. एकटे पाडणे यातच मोडते. त्यात वळ उठत नाहीत, म्हणून ते कोणाच्या नजरेला येत नाही. मुलींच्या वर्गांत आम्ही ते सर्वाधिक पाहिले आहे.

कायदे अजिबात नाहीत असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ सालचा आहे. त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या इतकी रुंद आहे की वसतिगृह आणि शिकवणी वर्गही तिच्यात येतात. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, तथ्य दिसले तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, आणि यात कसूर केली तर खुद्द प्रमुखाला अपप्रेरणेचा दोष लागतो, अशी त्याची रचना आहे. पण हे हत्यार महाविद्यालयाच्या मापाचे आहे. चौथीतल्या मुलाने चौथीतल्या मुलाचा डबा रोज फेकून दिला तर निलंबन आणि पोलीस ठाणे हे उत्तर कोणालाच पटणार नाही, तक्रार करणाऱ्या पालकालाही नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ तर प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढूच देत नाही, आणि ते योग्यच आहे. परिणाम असा की कठोर कायदा कागदावर राहतो आणि त्याच्या खालची, रोजच्या वापराची पायरी रिकामी राहते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, मार्च २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितले. राज्यात मार्च २०२२ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेने सगळे राज्य हादरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी आणि विद्यार्थी सुरक्षा समिती यांबाबत आदेश काढले. मोठ्या माणसाकडून मुलावर होणारा अत्याचार रोखणे हा त्या आदेशांचा रोख होता, आणि तो तसाच असायला हवा होता. मुलांकडून मुलांना होणारा रोजचा छळ मात्र त्या आदेशांच्या कडेला राहिला. आमच्या बैठकीत आम्ही पालकांना विचारले की तुमच्या शाळेच्या सुरक्षा समितीत कोण आहे. बहुतेकांना एकही नाव सांगता आले नाही. तक्रारपेटी पुष्कळांनी पाहिली होती. ती कोण उघडते, कधी उघडते, हे कोणाला ठाऊक नव्हते.

त्यानंतर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि जात, वर्ग, लिंग, अपंगत्व, धर्म अशा कारणांवरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करता येईल अशी व्यवस्था हवी, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा आम्ही जे मागतो आहोत त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे.

आमची पहिली मागणी पोच मिळण्याची आहे. छळाची तक्रार कागदावर, ईमेलने, शाळेच्या ॲपवर किंवा तोंडी, कशीही आली तरी त्याच दिवशी तिला आवक क्रमांक पडावा आणि तो पालकाच्या हातात मिळावा. ज्या पालकांना लिहिता येत नाही, त्यांची तक्रार शाळेने लिहून घ्यावी, वाचून दाखवावी आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. मुलाने स्वतः शिक्षकाला सांगितले तर तीही तक्रारच धरावी. यासाठी प्रत्येक शाळेत, मग ती जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो, विनाअनुदानित असो वा इतर मंडळाची, स्वतंत्र नोंदवही असावी. ती कुलुपात राहावी, मुलांची नावे बाहेर जाऊ नयेत, आणि केंद्रप्रमुख किंवा तपासणी अधिकाऱ्यांनी प्रत्येक भेटीत ती पाहून सही करावी. ज्या शाळेची नोंदवही वर्षभर कोरी राहील तिचे कौतुक करू नये; तिथे मुलांशी आणि पालकांशी बोलून खात्री करावी. तक्रारी नोंदवणाऱ्या शाळेला बदनामीची भीती वाटणार नाही, असे धोरण शासनाने जाहीर केले तर मुख्याध्यापकांचे "लेखी देऊ नका" आपोआप कमी होईल. आमचा मुख्याध्यापकांवर राग नाही. तक्रार नोंदवली की आपल्यावर शेरा येतो, असे त्यांना वाटत राहील तोवर ते ती टाळणारच.

दुसरी, जबाबदार माणूस. प्रत्येक शाळेत एक शिक्षक आणि एक शिक्षिका यांची नावे या कामासाठी ठरलेली असावीत, आणि ती फाटकावरच्या फलकावर तसेच शाळेच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर छापलेली असावीत. यासाठी नवी समिती नको. शाळा व्यवस्थापन समिती, पालक-शिक्षक संघ, सखी सावित्री, सुरक्षा समिती, परिवहन समिती. इतक्या समित्यांच्या सह्या गोळा करण्यातच मुख्याध्यापकांचा वेळ जातो. आहे त्या सुरक्षा समितीलाच हे काम द्या, फक्त तिच्यात पालकांचे निवडलेले प्रतिनिधी असू द्या. छळणारे मूल संस्थाचालकाचे, शिक्षकाचे किंवा समिती सदस्याचे असेल तर मात्र तक्रार शाळेत न ठेवता थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी.

तिसरी मागणी मुदतीची आहे आणि तिच्याबद्दल आम्ही सविस्तर लिहितो, कारण बहुतेक तक्रारी नकाराने मरत नाहीत, वाट पाहण्याने मरतात. तक्रार आली त्या दिवशीच मुलाच्या सुरक्षिततेची तजवीज व्हावी: बाकाची जागा बदलणे, मधल्या सुट्टीत त्या भागात शिक्षकाची फेरी, व्हॅनमध्ये वेगळी जागा. जागा बदलायची असेल तर ती छळणाऱ्याची बदलावी. ज्याला त्रास झाला त्यालाच दुसऱ्या तुकडीत पाठवून शाळा मोकळी होते, ही आमच्या सभासदांची नेहमीची तक्रार आहे. दोन कामकाजी दिवसांत दोन्ही बाजूंच्या मुलांशी आणि पाहणाऱ्या मुलांशी वेगवेगळे बोलणे व्हावे. दोघांना समोरासमोर उभे करून "आता हात मिळवा" म्हणणे बंद व्हावे, कारण कमजोर मूल तिथे हात मिळवते आणि फाटकाबाहेर त्याची किंमत मोजते. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला लावणेही बंद व्हावे. सात कामकाजी दिवसांत पालकांना लेखी उत्तर मिळावे: काय आढळले, काय ठरले, कोण लक्ष ठेवणार. आणि एक महिन्याने, मग तीन महिन्यांनी, मुलाला एकट्याने विचारून त्रास थांबला का याची नोंद व्हावी. एकदा समज दिली म्हणजे काम संपले असे शाळा धरून चालतात; खरे तर समज दिल्यानंतरचे दिवस त्या मुलासाठी सर्वांत धोक्याचे असतात.

ही मुदत अवास्तव नाही. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर तिथल्या सरकारने शाळांतील छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम उभी केली आणि संशोधक डॅन ओल्व्हेउस यांनी शाळांसाठी कार्यक्रम तयार केला. २०१७ पासून तिथल्या कायद्यानुसार मुख्याध्यापकांकडे तक्रार करून आठवडा उलटला आणि प्रश्न सुटला नाही, तर कुटुंब थेट सरकारी अधिकाऱ्याकडे प्रकरण नेऊ शकते. जपानने ओत्सु शहरातील एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर २०१३ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. दोन्ही देशांत मुले आधी गेली आणि कायदा नंतर आला. महाराष्ट्राने तो क्रम उलटवावा.

शाळेने मुदत पाळली नाही तर पुढे काय, हेही लिहिलेले हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत लागायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील करता येते. दहा वर्षांच्या मुलासाठी तीन महिने म्हणजे अर्ध्याहून अधिक सत्र. म्हणून चौथी मागणी : छळाच्या तक्रारींसाठी गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या प्रशासन अधिकाऱ्यांना पंधरा दिवसांची मुदत शासन आदेशाने ठरवून द्यावी. "आम्ही विनाअनुदानित आहोत, आम्हाला हे लागू नाही" हे उत्तर चालता कामा नये. इतर मंडळांच्या शाळांना राज्य ना हरकत प्रमाणपत्र देते. त्याच्या अटींत ही व्यवस्था घाला.

पाचवी मागणी छळणाऱ्या मुलाबद्दल आहे, आणि ती आमच्या काही सभासदांना सुरुवातीला पटली नव्हती. त्या मुलाला शाळेतून काढू नये. त्याचे नाव वर्गात, सोसायटीत, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरवू नये. त्याच्या पालकांना बोलवावे, समुपदेशकाने त्याच्याशी बोलावे, घरी किंवा मोठ्या मुलांकडून तो स्वतः मार खातो आहे का हे पाहावे. ते मूल उद्या आमच्यापैकी कोणाचेही असू शकते. बाल न्याय कायद्याची दिशाही हीच आहे. मुलाकडून अतिगंभीर गुन्हा घडला नसेल तर पोलिसांनीही गुन्हा नोंदवण्याऐवजी ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, असे त्याचे नियम सांगतात. अपवाद एकच आणि त्यात तडजोड नाही. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि शाळेने तो आपसात मिटवण्याचा प्रयत्नही करू नये.

सहावी मागणी जागेची. छळ फक्त वर्गात होत नाही; स्वच्छतागृहात, जिन्यात, व्हॅनमध्ये, शिकवणीच्या वाटेवरही होतो. आता तो मोबाईलवर घरापर्यंत येतो. "शाळेबाहेर घडले, आमचा संबंध नाही" असे शाळा म्हणतात. पण १९९९ च्या रॅगिंग कायद्यातच संस्थेच्या आत किंवा बाहेर असे शब्द आहेत. त्रासाचा परिणाम शाळेत दिसत असेल तर शाळेने तक्रार घ्यावी. स्कूल बससाठी २०११ च्या नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. तिच्या बैठकीत व्हॅनमधली मोठी-लहान मुले आणि त्यांची बसण्याची व्यवस्था हा विषय कायम असावा.

सातवी मागणी, ज्या मुलांना हा त्रास दुप्पट होतो त्यांच्याबद्दल आहे. पंचवीस टक्के राखीव जागांवर इंग्रजी शाळेत आलेल्या मुलांना "आरटीईवाले" म्हणून वेगळे पाडले जाते, कधी शाळेच्या कर्मचाऱ्यांच्या तोंडूनच. दिव्यांग मुलांचे तसेच. आणि आश्रमशाळांचा विचार तर स्वतंत्रपणे व्हायला हवा. तिथे मूल चोवीस तास त्याच मुलांमध्ये राहते. पालक डोंगरापलीकडे, मजुरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात, किंवा ऊसतोडीला गेलेले. संध्याकाळी पोटदुखीचे कारण विचारायला तिथे आई नसते. म्हणून प्रत्येक आश्रमशाळेत आणि वसतिगृहात मुलांना विनामूल्य वापरता येईल असा फोन असावा, त्याच्या शेजारी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत आणि मुलांच्या बोलीत लिहिलेला असावा, अधीक्षकाच्या कानावर न पडता बोलता यावे, आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या बाहेरची एक व्यक्ती महिन्यातून एकदा मुलांना भेटावी.

समुपदेशकाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहेच. शंभरपेक्षा कमी पट असलेल्या जिल्हा परिषद शाळांसाठी प्रत्येक केंद्रात एक फिरता समुपदेशक नेमावा. आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांच्या नियमित प्रशिक्षणात हा विषय घ्यावा, ही आमची आठवी मागणी मानावी.

शेवटची मागणी छोटी आहे. वर्षाच्या मध्येच दाखला मागणाऱ्या पालकाला कारण गोपनीय फॉर्मवर लिहिण्याची सोय द्या, आणि तो फॉर्म शाळेला न देता शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ द्या. कोणत्या शाळेतून मुले का निघून जातात हे शासनाला कळण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

हे सारे होईपर्यंत पालकांनी हात बांधून बसायचे नाही. आमच्या सभासदांना आम्ही असे सांगतो : मूल सांगू लागले की मध्ये बोलू नका, "तू उलटा का नाही मारलास" हे तर विचारूच नका, यात तुझी चूक नाही, हे आधी सांगा. मग तारीख, वार, जागा, काय झाले, कोण होते, हे त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. मोबाईलवरचे संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पण पुढे कोणाला पाठवू नका. दुसऱ्याच्या मुलाला फाटकावर गाठून दम देऊ नका. त्याने तक्रारीचे बळ जाते आणि तुम्हीच दोषी ठरता. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. अर्जात शिक्षा मागू नका, संरक्षण मागा आणि उत्तराची तारीख मागा. शाळा हलली नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी, मग बाल हक्क आयोग. तातडीच्या मदतीसाठी १०९८. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याबद्दल वाईट बोलत असेल तर अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

वरील मागण्यांवर शासन निर्णय काढण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आहेत त्या तरतुदींखाली विभागाला तो काढता येतो. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी तो निघावा, आणि या मागणीपत्राला तीस दिवसांत मागणीनिहाय लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. कोणती मागणी मान्य नसेल तर तिचे कारणही लेखी द्यावे.

आपले,
पालक संघटनेचे सर्व सभासद